कॉइन सेलवर चालणारा चुंबकीय सेन्सर: नॉइज आणि ऑफसेट एकाच वेळी कमी कसे करावेत?

प्रश्न

नमस्कार. जवळून लोखंडी वस्तू गेल्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो किंचित बदल होतो, तो ओळखणारा एक छोटा नोड (रेडिओने माहिती पाठवणारे सेन्सर-उपकरण) मी तयार करीत आहे. पृथ्वीचे क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते आणि त्यातील ०.१ मायक्रोटेस्लाचा बदल खात्रीने कळावा, अशी अपेक्षा आहे. नोड सीआर-२०३२ या कॉइन सेलवर पाच वर्षे चालायला हवा. या सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तास धरली, तर संपूर्ण सर्किटला सरासरी ५ मायक्रोअँपिअरच वाट्याला येतात.

सेन्सर म्हणून मी परमॅलॉय या निकेल-लोह मिश्रधातूच्या पातळ पटलांचा एएमआर ब्रिज (चुंबकीय क्षेत्रानुसार रोध बदलणाऱ्या चार भुजांची जोडणी) घेतला आहे. त्याचा रोध १ किलोओहम आहे आणि संवेदनशीलता प्रत्येक व्होल्टमागे प्रति मायक्रोटेस्ला १० मायक्रोव्होल्ट आहे. ३ व्होल्टवर ०.१ मायक्रोटेस्लासाठी ३ मायक्रोव्होल्ट एवढाच संकेत मिळतो, म्हणून त्यापुढे २० मायक्रोअँपिअरवर चालणारा चॉपर पद्धतीचा (संकेताचे चिन्ह वारंवार उलटवून स्वतःचे शून्य सरकू न देणारा) झीरो-ड्रिफ्ट अँप्लिफायर लावला आहे. ब्रिज सतत चालू ठेवल्यास त्यातून ३ मिलिअँपिअर वाहतात आणि सेल तीन दिवसांत संपतो, हे उघड आहे. त्यामुळे सेकंदातून १० वेळा थोड्या काळापुरता ब्रिज चालू करून मी नोंद घेतो.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की सेन्सर जागचा न हलवताही लागोपाठच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांचा विखुरपणा, म्हणजेच नॉइज, मला हव्या असलेल्या ०.१ मायक्रोटेस्लापेक्षा बराच जास्त आहे आणि सरासरी घ्यावी तर ब्रिज जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. दुसरी अशी की खोलीचे तापमान बदलले की सरासरी मूल्यच काही मायक्रोटेस्लाने सरकते. अँप्लिफायरचा ऑफसेट (संकेत नसतानाही दिसणारे मूल्य) जवळजवळ शून्य असूनही असे का व्हावे? या कामासाठी हॉल (क्षेत्रामुळे विद्युतधारेला आडवे व्होल्टेज देणारा) किंवा टीएमआर (पातळ अवरोधक थरातील टनेलिंगवर चालणारा) सेन्सर अधिक योग्य ठरेल का?

उत्तर १

आधी ऑफसेटचा प्रश्न घेतो, कारण ‘ऑफसेट’ या एकाच नावाखाली येथे निदान तीन वेगळ्या गोष्टी वावरत आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. त्या वेगळ्या करण्याची कसोटी सोपी आहे: दोष ज्या ठिकाणी संकेतात मिसळतो, त्या ठिकाणाच्या आधी संकेताचे चिन्ह उलटवता आले पाहिजे. तसे केले की संकेत उलटतो, दोष तसाच राहतो आणि दोन नोंदींची वजाबाकी केल्यावर दोष निघून जातो. दोष मिसळल्यानंतर कितीही काळजीपूर्वक चॉपिंग केले, तरी संकेत आणि दोष दोन्ही एकत्रच उलटतात आणि काहीच साध्य होत नाही.

आपल्या झीरो-ड्रिफ्ट अँप्लिफायरमधील चॉपर अँप्लिफायरच्या इनपुटवर बसलेला आहे. त्यामुळे तो स्वतः अँप्लिफायरचा ऑफसेट आणि वारंवारिता घटेल तसा वाढणारा वन-बाय-एफ नॉइज काढून टाकतो. ब्रिजच्या चार भुजांमध्ये मुळातच असलेली विषमता मात्र त्याच्या दृष्टीने खराच संकेत असते. ही विषमता लहान नसते. ब्रिजचा ऑफसेट प्रति व्होल्ट १ मिलिव्होल्ट धरला, तर ३ व्होल्टवर ३ मिलिव्होल्ट होतात आणि आपल्या संवेदनशीलतेनुसार ते १०० मायक्रोटेस्लाच्या बरोबरीचे आहेत. म्हणजे हा ऑफसेट पृथ्वीच्या क्षेत्राहूनही मोठा आहे आणि तापमानामुळे त्यात एक टक्का फरक पडला, तरी नोंद १ मायक्रोटेस्लाने सरकते. आपल्याला दिसणारे सरकणे प्रामुख्याने येथूनच येत असावे.

दुसरा दोष म्हणजे तारा, सोल्डर आणि आयसीचे पाय यांच्या जोडांवर निर्माण होणारे औष्णिक व्होल्टेज. तांबे आणि कोवार या मिश्रधातूच्या जोडावर ते प्रति अंश सेल्सिअस सुमारे ४० मायक्रोव्होल्ट असते. आपला संकेत ३ मायक्रोव्होल्टचा आहे, तेव्हा दोन जोडांमधील अंशाच्या दहाव्या भागाचा फरकदेखील पुरेसा घातक ठरतो. यावरचा उपाय ब्रिजच्या पुरवठ्याची ध्रुवता उलटवणे हा आहे. ब्रिजची दोन टोके मायक्रोकंट्रोलरने चालवलेल्या कमी रोधाच्या स्विचांना जोडावीत, एकदा सुलट आणि एकदा उलट व्होल्टेज देऊन नोंद घ्यावी आणि वजाबाकी करावी. अशा वजाबाकीत औष्णिक व्होल्टेज आणि अँप्लिफायरचा ऑफसेट दोन्ही जातात. त्यामुळे ही पद्धत वापरली, तर महागडा झीरो-ड्रिफ्ट अँप्लिफायर घेण्याचे कारणच उरत नाही.

ब्रिजची स्वतःची विषमता मात्र ध्रुवतेबरोबर उलटते, म्हणून ती यानेही जात नाही. तिच्यासाठी चुंबकीय पातळीवरच चिन्ह उलटवावे लागते आणि एएमआर सेन्सरमध्ये त्याची सोय असते. सेन्सरच्या चिपवर सेट-रिसेट पट्टी असेल, तर तिच्यातून एक-दोन मायक्रोसेकंदांचा जोरदार स्पंद सोडल्यावर परमॅलॉयच्या पटलाचे चुंबकन एका दिशेला एकसारखे होते. विरुद्ध दिशेच्या स्पंदाने ते उलट होते आणि त्याबरोबर संवेदनशीलतेचे चिन्हही उलटते. सेटनंतरची आणि रिसेटनंतरची नोंद यांच्या बेरजेच्या निम्म्यातून निव्वळ ऑफसेट मिळतो आणि वजाबाकीच्या निम्म्यातून निव्वळ क्षेत्र. जवळ जोरदार चुंबक आल्यामुळे पटलातील दिशा विस्कटलेल्या असल्या, तर त्याही याच स्पंदाने पुन्हा नीट होतात. त्यामुळे कमी झालेली संवेदनशीलता परत मिळते.

हा स्पंद स्वस्त नाही. पट्टी आणि सेन्सरच्या प्रकारानुसार अर्ध्या अँपिअरपासून काही अँपिअरपर्यंत विद्युतधारा लागते. अर्धा अँपिअर आणि २ मायक्रोसेकंद धरल्यास एका स्पंदाला १ मायक्रोकुलोम विद्युतभार खर्च होतो. पट्टीच्या रोधावर पुरेसे व्होल्टेज मिळण्यासाठी ३ व्होल्टचे दुप्पट करावे लागत असेल, तर सेलमधून निदान २ मायक्रोकुलोम जातात. सेकंदाच्या दहाही नोंदींसाठी सेट आणि रिसेट केले, तर त्याचेच ४० मायक्रोअँपिअर होतील. म्हणून हे प्रत्येक नोंदीला करू नये. विषमता तापमानाबरोबर सावकाश सरकते, त्यामुळे मिनिटातून एकदा सेट-रिसेटची जोडी घेऊन ऑफसेट जपून ठेवणे पुरेसे आहे. तेव्हा सरासरी खर्च ०.०७ मायक्रोअँपिअरवर येतो. तापमान दोन-तीन अंशांनी बदलल्यावरच जोडी घ्यावी, अशी अट घातली तर तोही कमी होईल. एक पथ्य पाळावे: शेवटचा स्पंद नेहमी सेटचाच असावा, म्हणजे सर्व सामान्य नोंदी एकाच चुंबकीय अवस्थेत होतील.

उत्तर २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. नॉइज आणि ऊर्जा यांचा हिशेब मात्र स्वतंत्रपणे मांडण्याची गरज आहे, कारण अल्पऊर्जा सर्किट म्हणजे सर्वांत कमी विद्युतधारा घेणारा भाग निवडणे, हा समज येथे सरळ उलट परिणाम घडवतो.

केवळ ब्रिजचा औष्णिक नॉइज विचारात घ्या. संकेत ब्रिजवरील व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. नॉइजची घनता रोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते आणि मोजण्याचा काळ वाढवला, तर नॉइज काळाच्या वर्गमुळाने घटतो. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर संकेत आणि नॉइज यांच्या गुणोत्तराचा वर्ग हा व्होल्टेजचा वर्ग गुणिले काळ भागिले रोध यांच्या प्रमाणात येतो. ही राशी म्हणजे ब्रिजमध्ये खर्च झालेली ऊर्जाच होय. दिलेल्या संवेदनशीलतेच्या ब्रिजसाठी जास्त व्होल्टेज थोडा वेळ द्या किंवा कमी व्होल्टेज जास्त वेळ द्या, एकाच ऊर्जेत एकच स्पष्टता मिळते.

अँप्लिफायरलाही जवळजवळ हाच नियम लागू पडतो. इनपुट ट्रान्झिस्टरमधील विद्युतधारा वाढवली की त्याच्या नॉइजच्या घनतेचा वर्ग त्या प्रमाणात घटतो. आपला २० मायक्रोअँपिअरचा अँप्लिफायर साधारण ६० नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ एवढा नॉइज देत असेल, तर तशाच रचनेचा १ मिलिअँपिअरचा अँप्लिफायर ८ ते ९ नॅनोव्होल्ट देईल. दोघांनी एकाच स्पष्टतेसाठी घेतलेला विद्युतभार सारखाच, कारण दुसऱ्याला पन्नासपट कमी वेळ लागतो. पण त्या सगळ्या वेळात ब्रिज ३ मिलिअँपिअर ओढत असतो! काटकसरी अँप्लिफायरची वाट पाहण्यात ब्रिजची ऊर्जा वाया जाते. त्यामुळे ब्रिज खर्चिक असेल, तेव्हा अँप्लिफायर जलद आणि शांत असला पाहिजे, भले तो चालू असताना जास्त विद्युतधारा घेवो.

आकडे घालून पाहू. १ किलोओहमचा नॉइज खोलीच्या तापमानाला ४.१ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ असतो. त्यात अँप्लिफायरचे ९ नॅनोव्होल्ट वर्गांच्या बेरजेने मिळवले की सुमारे १० होतात. ०.१ मायक्रोटेस्ला खात्रीने ओळखायचा, तर नोंदीचा प्रमाणित विखुरपणा ०.०३ मायक्रोटेस्ला, म्हणजे १ मायक्रोव्होल्टच्या आत असावा. त्यासाठी नॉइजची बँडविड्थ (वारंवारितांचा पट्टा) १० किलोहर्ट्झ, म्हणजे निव्वळ मोजण्याचा काळ ५० मायक्रोसेकंद पुरतो. हाच काळ आपल्या सध्याच्या अँप्लिफायरला दिला, तर ६ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ०.२ मायक्रोटेस्ला विखुरपणा येईल. शिवाय एवढ्या कमी विद्युतधारेवर चालणाऱ्या अँप्लिफायरची बँडविड्थ मोठ्या गेनवर एक-दोन किलोहर्ट्झच उरते. तो ५० मायक्रोसेकंदांत स्थिरावतच नाही आणि नोंद अर्धवट चढलेल्या व्होल्टेजची होते. झीरो-ड्रिफ्ट प्रकारातील अंतर्गत चॉपर आणि त्याचे लहरी दाबणारे सर्किट यांनाही चालू झाल्यावर स्थिरावण्यास वेळ लागतो; वारंवार बंद-चालू करण्याच्या योजनेत ते बसत नाहीत.

आता ध्रुवता उलटवण्याविषयी. ऑटोझीरो पद्धतीत एकदा संकेतासह आणि एकदा संकेताशिवाय नोंद घेऊन वजाबाकी करतात. तेव्हा दोन्ही नोंदींचा यादृच्छिक नॉइज एकत्र येऊन तो १.४ पट होतो. सुलट आणि उलट अशा दोन्ही नोंदींत संकेत असेल, तर वजाबाकीचे निम्मे घेतल्यावर संकेत पूर्ण राहतो आणि नॉइज १.४ ने घटतो. दोन पद्धतींत विखुरपण्याचा फरक दुप्पट आहे. म्हणून ब्रिज बंद ठेवून ‘शून्य’ मोजण्यात वेळ घालवू नये.

क्रम सुलट, उलट, उलट, सुलट असा ठेवावा. पुरवठा चालू झाल्याबरोबर ब्रिज आणि अँप्लिफायर तापू लागतात आणि शून्य एका दिशेने सरकत जाते. या क्रमामुळे सरळ रेषेतील सरकणे आपोआप वजा होते. प्रत्येक उलटीनंतर स्थिरावण्याचा काळ द्यावाच लागतो आणि तो किती द्यायचा, हे ब्रिजचा ऑफसेट ठरवतो. ३ मिलिव्होल्टचा ऑफसेट उलटला की ६ मिलिव्होल्टची उडी होते. ती १ मायक्रोव्होल्टच्या आत येण्यासाठी सुमारे ९ टाइम कॉन्स्टंट (उरलेला फरक सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ) लागतात. गाळणीचा टाइम कॉन्स्टंट २ मायक्रोसेकंद ठेवला, तर प्रत्येक टप्प्याला १८ मायक्रोसेकंद वाट पाहणे आणि १४ मायक्रोसेकंद एडीसीने (व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणाऱ्या भागाने) भराभर नमुने घेणे, असे गणित होते. चार टप्प्यांचे सुमारे १३० मायक्रोसेकंद झाले. ब्रिजच्या योग्य भुजेला समांतर २५० किलोओहमचा रोध जोडून १ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टची विषमता जवळजवळ पुसता येते आणि वाट पाहण्याचा काळ बराच घटतो. मात्र या रोधाचे तापमानाशी असलेले वर्तन परमॅलॉयसारखे नसते, म्हणून तो केवळ उडी लहान करण्यासाठी आहे. सेट-रिसेटची जागा तो घेऊ शकत नाही.

एका नोंदीचा खर्च असा येतो: ब्रिज ०.३९ मायक्रोकुलोम, चालू होण्याच्या ८० मायक्रोसेकंदांसह अँप्लिफायर ०.२१ आणि दीड मिलिअँपिअर घेणारा मायक्रोकंट्रोलर ३०० मायक्रोसेकंद जागा राहिला तर ०.४५. एकूण सुमारे १ मायक्रोकुलोम. सेकंदाला १० नोंदी घेतल्या, तर १० मायक्रोअँपिअर होतात आणि आपली मर्यादा ओलांडली जाते. माझा सल्ला असा की एरवी सेकंदाला दोनच नोंदी घ्याव्यात आणि क्षेत्र हलल्याचे दिसताच वेग दहावर न्यावा. झोपेतील मायक्रोकंट्रोलरचा १ मायक्रोअँपिअर धरूनही शांत काळात ३ मायक्रोअँपिअर पुरतात आणि उरलेले रेडिओसाठी राहतात. या हिशेबात सर्वांत मोठा वाटा सेन्सरचा नसून मायक्रोकंट्रोलरचा आहे, याकडे लक्ष वेधतो. नमुने घेताना मुख्य प्रोसेसर झोपेतच ठेवून टायमर आणि डीएमए (प्रोसेसरशिवाय माहिती हलवणारा भाग) यांच्याकडून काम करून घेता आले, तर सर्वांत मोठी बचत तेथे होईल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ब्रिज चालू असताना काटकसरी अँप्लिफायरच महाग पडतो, हा मुद्दा मला या दृष्टीने कधी दिसला नव्हता. माझ्या सेन्सरवर सेट-रिसेट पट्टी आहे, पण कॉइन सेलमधून अर्धा अँपिअर ओढता येणार नाही, हे मला माहीत आहे; तो भाग कसा हाताळावा? आणि हॉल किंवा टीएमआरविषयीची माझी शंका अजून तशीच आहे.

उत्तर ३

स्पंदाची विद्युतधारा सेलमधून थेट घ्यायचीच नाही. सेलचा अंतर्गत रोध नवा असताना दहा-पंधरा ओहमच्या आसपास असतो आणि सेल संपत येताना किंवा थंडीत तो कितीतरी वाढतो. चार्ज पंपाने (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटने) १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर काही मिलिसेकंदांत सावकाश ५ ते ६ व्होल्टपर्यंत भरावा आणि मग एच-ब्रिजच्या (विद्युतधारेची दिशा उलटवणाऱ्या चार स्विचांच्या जोडणीच्या) मॉस्फेटमधून तो पट्टीत रिकामा करावा. कपॅसिटर, मॉस्फेट आणि पट्टी यांचा मार्ग शक्य तितका आखूड ठेवावा, नाहीतर तारांच्या इंडक्टन्समुळे स्पंदाचा माथा बसतो आणि पटल पूर्णपणे उलटत नाही. अर्धवट उलटलेले पटल न उलटलेल्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा सेट आणि रिसेट या दोन अवस्थांची संवेदनशीलता वेगळी होते आणि वजाबाकीतून क्षेत्राचाच काही भाग ऑफसेटमध्ये शिरतो.

आता हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये हा परिणाम शोधला आणि आज तो साध्या सीमॉस प्रक्रियेत इतर सर्किटबरोबर एकाच चिपवर बनवता येतो, हे त्याचे मोठे बळ आहे. संवेदनशीलता मात्र अल्प आहे. सिलिकॉनच्या प्लेटसाठी प्रत्येक व्होल्टमागे प्रति टेस्ला ०.०४ व्होल्ट धरले, तर ३ व्होल्टवर प्रति मायक्रोटेस्ला ०.१२ मायक्रोव्होल्ट मिळतात. आपला एएमआर ब्रिज ३० देतो. प्लेटचा रोध २ किलोओहम असेल, तर तिचाच औष्णिक नॉइज ५.७ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ होतो. ०.०३ मायक्रोटेस्लाच्या विखुरपण्यासाठी दीड मिलिअँपिअर विद्युतधारा सेकंदाहून जास्त वेळ वाहू द्यावी लागेल, आणि तेही प्रत्येक नोंदीला. आपल्या कामासाठी हा मार्ग बंद आहे.

तरीही हॉल प्लेटमधील ऑफसेट कमी करण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण पहिल्या उत्तरातील कसोटी तिथे फार सुंदर रीतीने लागू होते. चार टोकांच्या प्लेटमध्ये दोन समोरासमोरच्या टोकांतून विद्युतधारा सोडतात आणि उरलेल्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजतात. प्लेटची भूमिती, अशुद्धीचे प्रमाण आणि पॅकेजचा ताण यांमुळे ती रोधांच्या असमतोल ब्रिजसारखी वागते आणि हा ऑफसेट काही मिलिटेस्लाच्या बरोबरीचा असू शकतो. विद्युतधारा सोडण्याची आणि मोजण्याची टोके ९० अंशांनी फिरवली की हॉल व्होल्टेज तसेच राहते आणि रोधांच्या असमतोलामुळे आलेले व्होल्टेज उलटते. चारही दिशांनी फिरवून सरासरी घेतली की ऑफसेट काही दहा मायक्रोटेस्लापर्यंत खाली येतो. यालाच स्पिनिंग करंट म्हणतात. फिरवण्याचा वेग अँप्लिफायरच्या वन-बाय-एफ नॉइजच्या कोपऱ्यापेक्षा जास्त ठेवला, तर तो नॉइजही त्याच फेऱ्यात बाजूला पडतो.

उरलेला ऑफसेट का उरतो, हेही पाहावे. प्लेटच्या खालच्या जंक्शनमधील डिप्लीशन (मुक्त विद्युतभार नसलेल्या) थराची जाडी जागोजागच्या व्होल्टेजनुसार बदलते, त्यामुळे दिशा बदलल्यावर रोध नेमके तेच राहत नाहीत आणि वजाबाकी पूर्ण होत नाही. प्लेटवरील व्होल्टेज वाढवले की हा परिणाम वाढतो. म्हणजे नॉइजसाठी जास्त व्होल्टेज हवे आणि ऑफसेटसाठी कमी, असा थेट संघर्ष येथे आहे. त्यात स्विच बदलतानाचे विद्युतभाराचे टोचे मिसळतात; त्यांच्यासाठी प्रत्येक बदलानंतर काही काळ आउटपुट तोडून ठेवावे लागते. जवळच्या चुंबकाचे काही मिलिटेस्लांचे क्षेत्र ओळखायचे असेल, झाकण उघडले की बंद हे सांगायचे असेल, तर सेकंदाला १०-२० वेळा जागे होणारे हॉल स्विच काही मायक्रोअँपिअरमध्ये हे काम उत्तम करतात. पृथ्वीच्या क्षेत्रातील दशांश मायक्रोटेस्ला हे त्यांचे क्षेत्र नव्हे.

टीएमआरचे आकर्षण खरे आहे. ब्रिजचा रोध दहा किलोओहमपासून मेगाओहमपर्यंत ठेवता येतो आणि संवेदनशीलता एएमआरपेक्षा बरीच जास्त मिळते, म्हणून ऊर्जेच्या वरील सूत्रात तो फार पुढे जायला हवा. अडचण वन-बाय-एफ नॉइजची आहे. टीएमआरमध्ये हा नॉइज टनेल जंक्शनच्या रोधातील आणि मुक्त पटलाच्या चुंबकनातील चढउतारांमधून येतो. रोधच डळमळत असेल, तर तो व्होल्टेजशी गुणला जातो. ध्रुवता उलटवली की संकेताबरोबर हा नॉइजही उलटतो आणि वजाबाकीत टिकून राहतो. म्हणून टीएमआरपुढे ध्रुवता बदलणारे किंवा चॉपर असलेले सर्किट लावून सेन्सरचा नॉइज कमी होईल, ही अपेक्षा फोल आहे. एएमआरसारखी सेट-रिसेटची सोयही तेथे साधारणपणे नसते. डेटाशीटमधील नॉइज १ किलोहर्ट्झला दिला आहे की १ हर्ट्झला, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये. आपल्याकडे मिनिटभर स्थिर राहणारे शून्य हवे आहे, तेव्हा मी एएमआरच ठेवीन.

उच्च रोधाच्या ब्रिजबाबत आणखी एक सावधगिरी आहे. चॉपर अँप्लिफायरच्या इनपुटवर स्विचिंगमुळे विद्युतधारेचे टोचे येतात. त्यांची सरासरी १०० पिकोअँपिअर धरली, तरी १०० किलोओहमवर १० मायक्रोव्होल्ट होतात. म्हणजे ऑफसेट काढण्यासाठी आणलेला भागच ऑफसेट निर्माण करतो.

उत्तर ४

सर्किटविषयी जे सांगितले गेले त्यात फारशी भर घालण्याची गरज नाही. मला बोर्ड आणि नमुन्यांची वेळ याविषयी लिहायचे आहे, कारण यातील बरेच दोष वर सांगितलेल्या वजाबाक्यांनी जात नाहीत.

विद्युतवाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर यांचे ५० हर्ट्झचे क्षेत्र अनेक ठिकाणी ०.१ मायक्रोटेस्लाहून मोठे असते. सेकंदाला २ किंवा १० नोंदी घेतल्या, तर ५० ही संख्या त्यांच्या पटीत येते आणि हे बदलते क्षेत्र नोंदींमध्ये स्थिर क्षेत्रासारखे दिसते. वीजपुरवठ्याची वारंवारिता नेमकी ५० नसते, त्यामुळे हे खोटे मूल्य सावकाश वरखाली होते आणि ते तापमानाचे सरकणे वाटते. सुलट-उलटची एक जोडी आता आणि दुसरी बरोबर १० मिलिसेकंदांनी घ्यावी. अर्ध्या आवर्तनाच्या अंतरामुळे ५० हर्ट्झचा भाग दोन जोड्यांत विरुद्ध चिन्हाने येतो आणि सरासरीत नाहीसा होतो. जेथे पुरवठा ६० हर्ट्झचा आहे, तेथे हे अंतर ८.३ मिलिसेकंद ठेवावे. अँप्लिफायर दोनदा चालू करण्याचा जादा खर्च येतो, पण तो करण्याजोगा आहे.

दुसरे असे की सरळ तारेतून ३ मिलिअँपिअर वाहत असतील, तर ५ मिलिमीटरवर त्याचे क्षेत्र ०.१२ मायक्रोटेस्ला भरते, म्हणजे आपल्या संपूर्ण अपेक्षित संकेताएवढे. ब्रिजच्या स्वतःच्या तारांतील विद्युतधारा ध्रुवतेबरोबर उलटते. तिचे क्षेत्र आणि ब्रिजची संवेदना दोन्ही उलटल्यामुळे आउटपुटचे चिन्ह बदलत नाही आणि ते अँप्लिफायरच्या ऑफसेटसारखे वजा होऊन जाते. सेलपासून स्विचांपर्यंतच्या मार्गातील विद्युतधारा मात्र दिशा बदलत नाही, म्हणून तिचे क्षेत्र खऱ्या क्षेत्रासारखेच मोजले जाते. सेलकडे जाणारी आणि येणारी तार एकमेकींवर समांतर थरांत ठेवावी आणि रेडिओ चालू असताना नोंद घेऊ नये. सेलचे पोलादी कवच, पोलादी स्क्रू आणि फेराइट मणी सेन्सरपासून लांब ठेवावेत. त्यांचे कायम चुंबकन हा सेट-रिसेटने न जाणारा ऑफसेट आहे, शिवाय सेल बदलला की तोही बदलतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

५० हर्ट्झचा मुद्दा माझ्या नोंदींशी तंतोतंत जुळतो, कारण सरकण्याचा काही भाग तापमान स्थिर असतानाही दिसत होता. एक शेवटची शंका आहे. मिनिटातून एकदा सेट-रिसेट करून ऑफसेट काढला, तर तापमानाचा प्रश्न पूर्णपणे सुटेल का?

उत्तर १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

पूर्णपणे नाही, कारण ऑफसेटप्रमाणे संवेदनशीलताही तापमानाबरोबर बदलते. ब्रिजला स्थिर व्होल्टेज दिले असता एएमआरची संवेदनशीलता प्रति अंश सेल्सिअस सुमारे ०.३ टक्क्यांनी घटते. सेन्सरच्या अक्षावर पृथ्वीच्या क्षेत्राचे ५० मायक्रोटेस्ला असतील, तर एका अंशाला ०.१५ मायक्रोटेस्लाचा खोटा बदल दिसेल आणि तो ऑफसेट नसल्यामुळे सेट-रिसेटने जाणार नाही.

सुदैवाने ब्रिजचा रोध तापमानाबरोबर प्रति अंश सुमारे ०.२५ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे स्थिर व्होल्टेजऐवजी स्थिर विद्युतधारा दिल्यास दोन्ही परिणाम बरेचसे परस्परांना रद्द करतात आणि बदल ०.०६ टक्क्यांच्या आसपास उरतो. मात्र ३ व्होल्टच्या आणि पुढे उतरत जाणाऱ्या पुरवठ्यात विद्युतधारेचा स्रोत बसवणे म्हणजे ब्रिजच्या वाट्याचे व्होल्टेज गमावणे. त्याऐवजी ब्रिजच्या खाली ४७ ओहमचा अचूक रोध ठेवावा, त्यावरील व्होल्टेज त्याच एडीसीने मोजावे आणि ब्रिजच्या आउटपुटला गणिताने त्या विद्युतधारेने भागावे. परिणाम स्थिर विद्युतधारेचाच मिळतो आणि सेलचे व्होल्टेज घसरले तरी त्याचा नोंदीवर परिणाम होत नाही. पुरवठ्याचे व्होल्टेजही मोजले, तर ब्रिजचा रोध कळतो, आणि त्यावरून पटलाचे स्वतःचे तापमान. सेट-रिसेटची जोडी केव्हा घ्यायची, हे ठरवण्यासाठी वेगळ्या तापमापकाची गरज उरत नाही.

यानंतर उरणारा प्रति अंश ०.०३ मायक्रोटेस्लाचा बदल वस्तूच्या येण्या-जाण्यापेक्षा कितीतरी सावकाश असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये शांत काळातील पातळीला सावकाश अनुसरणारा पाया ठेवून तो हाताळता येईल. वस्तू आल्याचे एकदा ठरल्यावर मात्र हा पाया गोठवून ठेवा आणि फक्त रोधावरून मोजलेल्या तापमानाची दुरुस्ती चालू ठेवा. नाहीतर समोर बराच वेळ उभी असलेली वस्तू हळूहळू पायातच जमा होईल आणि ती निघून गेल्यावर नोड नवी वस्तू आल्याचे कळवील.